नासारेनोचं देवस्थान

शुक्रवारी सकाळी नासारेनो पाग्लिएरोच्या गाडीत एकूण तेवीस वस्तू होत्या. त्यांतल्या सतरा इंटरनेटच्या होत्या: एक ताटली, तिचा तीन तुकड्यांतला लोखंडी खांब, खांबाची तिवई, दोन केबली, एक इन्व्हर्टर, एक बॅटरी, एक राऊटर, चार खुंट्या, त्या ठोकायला एक हातोडा, एक होकायंत्र आणि कुत्र्याचं एक लाकडी घर. उरलेल्या सहांत दोन बॅगा, माते या कडू पानांच्या चहाचा थर्मास, सासूबाईंसाठी एक काळा केक, बायकोच्या कागदांची फाइल आणि भेटवस्तूचं एक पुडकं. बायको, म्हणजे एदित, पुढच्या सीटवर बसली होती. ती या मोजणीत धरलेली नाही.

ती कुठल्याच मोजणीत धरलेली नव्हती, असं तिचं मत होतं. आणि तिच्या बाजूने बोलायचं तर, त्या दिवशी मुलाखत तिची होती.

एदित त्रेलेवमधल्या एकाच शाळेत एकोणीस वर्षं शिकवत होती. तिथली मुख्याध्यापिका निवृत्त झाली, जागा एकच, आणि शेवटची मुलाखत पडद्यावरून होणार होती. ती बुधवारी होती. शिक्षण खात्याने ती शुक्रवारी अकरावर ढकलली. शुक्रवारी रात्री एदितच्या आईचा ऐंशीवा वाढदिवस एस्केलला, म्हणजे सहाशे किलोमीटर पश्चिमेला. एदितचं म्हणणं साधं होतं: घरी बसून मुलाखत देऊ, मग निघू, केक कापायच्या वेळी पोचू.

"आणि कोकरू?" नासारेनोने विचारलं.

"कोकरू एवारिस्तो भाजेल."

एवारिस्तो हा एदितचा भाऊ. त्याने मागच्या नाताळात कोकराची एक बाजू करपवली होती आणि दुसरी कच्ची ठेवली होती, तरी सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. अख्खं कोकरू आगीपुढे उभं करून भाजायला पाच तास लागतात. ते काम यंदा आपल्याकडे यावं म्हणून नासारेनोने दोन महिने सासूबाईंना फोन केले होते. पण हे कारण बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून त्याने दुसरं सांगितलं: संध्याकाळी रस्त्यावर लांब मानेचे रानटी ग्वानाको येतात, अंधारात एखादा काचेवर आदळला तर गाडीही जाते आणि आपणही. "तू वाटेतच मुलाखत दे. इंटरनेट माझ्याकडे लागलं."

नासारेनो वीज सहकारी संस्थेच्या मीटर विभागाचा उपप्रमुख होता. कुठल्याही तारेला हात घालण्याचा आपल्याला नैसर्गिक अधिकार आहे, असं त्याला वाटे. उपग्रहावरून इंटरनेट घेणारी ती ताटली त्याने हिवाळ्यातच विकत घेतली होती आणि गॅरेजच्या छपरावर तिची चाचणीही केली होती. चाचणी बघायला अर्धी गल्ली जमली. समोरच्या ओफेलियाबाईंनी तिवईच्या पायांखाली मीठ ठेवायला सांगितलं. मीठ ठेवलं नाही, याचं पुढे त्याला वाईट वाटलं. शेजारचे म्हातारे एमलिन प्यू मात्र शास्त्रोक्त बोलले.

"ताटली ठीक आहे रे, पण तुझा हा डबा धुळीने मरेल," ते राऊटरकडे काठी दाखवत म्हणाले. "तिकडच्या माळावर वारा असा असतो की मेंढीच्या पोटातही रेती जाते. माझ्या मोरोचं घर घेऊन जा. मोरो गेल्यापासून रिकामंच आहे. एकाच बाजूला तोंड, उतरतं छप्पर. वाऱ्याकडे पाठ करून ठेव."

घर छान होतं. एमलिनांनी ते दाराच्या उरलेल्या तांबड्या रंगाने रंगवलं होतं. नासारेनोने ते मागच्या सीटवर ठेवून पट्ट्याने बांधलं आणि खांबाचे तुकडे छपरावर.

पहिली अडचण शहराबाहेरच्या तपासनाक्यावर आली. पोलिसाने गाडीला एक फेरी मारली.

"हे काय?"

"अँटेना आहे."

"परवाना?"

"घरगुती आहे साहेब."

"घर कुठंय?"

नासारेनोने घाबरून मागच्या सीटकडे बोट केलं. पोलिसाने काचेला नाक लावून कुत्र्याचं घर पाहिलं.

"आणि कुत्रा?"

"कुत्रा नाही."

पोलिसाने गाडीला आणखी एक फेरी मारली. शेवटी आपल्या नियमात बसेल असं काहीतरी त्याला सापडलं. छपरावरचे खांबाचे तुकडे गाडीच्या मागे हातभर बाहेर आले होते, आणि बाहेर आलेल्या सामानाला लाल कापड बांधावं लागतं, ते नसेल तर गाडी पुढे जाणार नाही. नासारेनोने डिकी उघडली. लाल कापड एकाच ठिकाणी होतं.

"नासारेनो, ते पुडकं नाही," एदित आतून म्हणाली.

पुडक्यात आठ लाल रुमाल होते. जेवणाच्या टेबलावरचे. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पांढऱ्या धाग्याने आईच्या नावाची अक्षरं. हे काम एदितने सबंध हिवाळाभर केलं होतं.

"फक्त गाठ मारायची आहे," तो म्हणाला. "एस्केलला सोडून, इस्त्री करून देऊ."

पोलिसाने रुमाल हाताच्या वितीने मोजला. एक लहान पडत होता. दोन एकत्र बांधले तर चालेल, पण मग डाव्या बाजूलाही दोन हवेत. असे चार रुमाल गेले. एदितने पुढे शंभर किलोमीटर मातेचा पेला त्याच्याकडे दिला नाही. आपल्याकडे नवरा-बायकोत याहून मोठं भांडण क्वचित होतं.

जागा नासारेनोने उत्तम निवडली. लास प्लुमास मागे टाकल्यावर, लोस अल्तारेसच्या पंचवीस किलोमीटर अलीकडे, रस्त्याला लागून एक टेकाड होतं. चारी दिशांना मोकळं आकाश, झाड एकही नाही, फोनला सिग्नल शून्य. ताटली आणि खांब त्याने टेकाडावर उभे केले. राऊटर कुत्र्याच्या घरात घालून खांबाच्या पायाशी ठेवला. गाडी मात्र टेकाडामागच्या खोलगटात उतरवली, कारण रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज एदितला येऊ नये. त्याने सगळ्याचा विचार केला होता. खांबाची एक दोरी गाडीच्या बंपरला बांधली, बाकीच्या खुंट्यांना. रुमालांच्या गाठी वाऱ्याने इतक्या आवळल्या होत्या की सुटेनात, तेव्हा ते त्याने खांबावर तसेच राहू दिले.

"एकशे बारा!" तो वरून ओरडला. "सेकंदाला एकशे बारा मेगाबिट! गल्लीत कोणाकडे नाही एवढं!"

एदितने फाइल उघडली, केस नीट केले, चष्मा पुसला. मग तोच स्वच्छ चष्मा परत पुसला. ते त्याने पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याच्या मनात आलं की हे मुलाखतीचं प्रकरण कोकरापेक्षा मोठं आहे.

तेवढ्यात एक ट्रक भोंगा वाजवत गेला. लांबलचक, आदराने. नासारेनोने हात उंचावला. मागून दुसरा आला, त्यानेही वाजवला. तिसऱ्याने दोनदा. नासारेनो कमरेवर हात ठेवून ताटलीशेजारी उभा राहिला. चालकवर्गाला तंत्रज्ञानाची कदर आहे, असं त्याला वाटलं, आणि शहरातल्या लोकांना नाही, असंही वाटलं.

अकराला मुलाखत सुरू झाली. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. समितीच्या अध्यक्षबाईंनी नियम वाचून दाखवला: उमेदवार एकटा हवा, चित्रात दुसरा माणूस दिसता कामा नये, शेजारून कोणी बोलता कामा नये. एदित म्हणाली, "मान्य." वरून भोंगा वाजला.

याच वेळी एक जुनी पिकअप टेकाडापाशी थांबली. तिच्यातून एक म्हातारी उतरली, मागून तिचा नवरा. म्हातारीने कुत्र्याच्या घरासमोर गुडघे टेकले, पाकिटातून एक सिगारेट काढून पेटवली, एक झुरका घेतला आणि ती उंबऱ्यावर ठेवली.

नासारेनो स्वतः आयुष्यभर हमरस्त्यांवर अशा लाल खोपट्यांपुढे भोंगा वाजवत आला होता. गाउचितो हिल या वाटसरूंच्या लोकसंताला भोंगा न देता पुढे गेलेला माणूस उशिरा पोचतो, कधी पोचतच नाही, याबद्दल मीटर विभागातही कोणाला शंका नव्हती. रस्त्याची कड, लाल घर, वाऱ्यावर फडफडणारी लाल कापडं, समोर टोपी काढून थांबायला जागा. त्याने बाहेरून हे सगळं शेकडो वेळा पाहिलं होतं. आपण आतून तेच उभं करतो आहोत, हे मात्र त्याला ती सिगारेट पाहीपर्यंत कळलं नाही.

"हा इथं कधी आला हो?" म्हातारीने विचारलं.

"आजच," नासारेनो म्हणाला. हे खरं होतं.

"आणि आत निळा दिवा! बघ रे, दिवा लुकलुकतोय. बरं केलंत. मेणबत्ती टिकतच नाही इथल्या वाऱ्यात." तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "राखण तुम्हीच करता?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण मग प्रश्न आले असते, राग आला असता, आवाज चढले असते, आणि खाली खोलगटात एदित शालेय व्यवस्थापनाबद्दल बोलत होती. खांब काढला तर मुलाखत संपली. "हो," तो म्हणाला, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"मग हे लोक नुसता भोंगा देऊन पळतात, तुम्ही काही बोलत नाही?"

"इथला गाउचितो भोंगा घेत नाही."

"घेत नाही? मग काय घेतो?"

"शांतता."

म्हातारीने छातीवर क्रूस काढला. नवरा पुटपुटला, "असला गाउचितो मी कुठं पाहिला नाही."

"तू पाहिलंयस काय आयुष्यात? बस गप."

दोघं तिथेच दगडावर बसले, आणि शांततेचं व्रत म्हणून एकही शब्द न बोलता माते पिऊ लागले. नासारेनो रस्त्याच्या कडेला गेला आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला ओठांवर बोट ठेवून दाखवू लागला. परिणाम उलटा झाला. देवस्थानापाशी उभा राहून कोणी तोंडावर बोट ठेवतोय म्हटल्यावर चालक दचकले, आणि एकदा वाजवणारे दोनदा वाजवू लागले. टेकाडामागून अध्यक्षबाईंचा आवाज आला: "बाई, तिथं लग्न आहे का?"

"वाहतूक आहे," एदित म्हणाली. तिचा आवाज अजून शांत होता. नासारेनोला तो शांत आवाज सहन होईना.

मग तो मोठा ट्रक थांबला. चालक खाली उतरला, बेरेट टोपी काढून छातीशी धरली. पन्नाशीचा, रुंद माणूस. तो कोरियेन्तेसचा होता, म्हणजे गाउचितोच्या मुलखातला. नाव एलिहियो.

"साहेब," तो हलक्या आवाजात म्हणाला, "इथला ऐकतो का? म्हणजे काही ठिकाणी असतो, पण ऐकत नाही."

"ऐकतो," नासारेनो म्हणाला. लवकर आटपावं म्हणून म्हणाला.

एलिहियो कुत्र्याच्या घरापुढे बसला आणि आत डोकं घालून बोलू लागला. नासारेनोला तिथून हलता येईना, म्हणून ऐकू आलं. त्याच्या मुलीचं सोमवारी ऑपरेशन होतं. ती आज सकाळी दवाखान्यात दाखल झाली होती. ती घरून निघताना बोलायचं ठरलं होतं, पण कालपासून या रस्त्यावर फोनच लागत नव्हता. "तिला वाटत असेल बाप विसरला," तो राऊटरला म्हणाला. "माझा फोन पोचत नाही बाबा, तू पोचव. तिला म्हणावं, मी विसरलो नाही. घाबरू नको म्हणावं. एवढंच पोचव."

नासारेनोपासून चार हातांवर सेकंदाला एकशे बारा मेगाबिट वाहत होते. पासवर्ड आठ अक्षरांचा होता. फोन मागून घ्यायचा, ती अक्षरं घालायची आणि परत द्यायचा, एवढंच काम. पण दोन चित्रं एकाच वेळी चालली तर एदितचं चित्र अडखळेल का, हे त्याने कधी तपासलं नव्हतं. शिवाय राखण करणाऱ्याच्या खिशात गाउचितोचा पासवर्ड कसा, हेही सांगावं लागलं असतं. त्याने बुटांकडे पाहिलं. बुटांवर धूळ होती. तो ती झटकू लागला.

एलिहियो उठला, डोळे पुसले, ट्रकमधून लाल वाइनचं एक खोकं आणलं. आपल्या मुलखात जसं करतात तसं त्याने आधी स्वतः एक घोट घेतला आणि बाकीचं सगळं, हात आखडता न घेता, घराच्या आत ओतलं.

निळा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला.

"माझा राऊटर!" नासारेनो किंचाळला.

तो गुडघ्यांवर पडून आत हात घालू लागला. बाहेर काढला तेव्हा डब्यातून वाइन ठिबकत होती. म्हातारीने मातेची नळी तोंडातून काढली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. एलिहियोने डब्याकडे पाहिलं, केबलीकडे पाहिलं, केबलीवरून नजर नेत ताटलीपर्यंत गेला.

"हे इंटरनेट आहे?"

"हो."

"चालू होतं?"

"हो."

एलिहियोने बेरेट डोक्यावर घातली, परत काढली. "मग मी ते सगळं कोणाला सांगितलं?"

नासारेनोच्या बाह्या कोपरापर्यंत वाइनने भिजल्या होत्या.

खालून एदित वर आली, हातात फाइल. "शेवटच्या प्रश्नाच्या मध्येच गेलं," ती म्हणाली. तिने घर पाहिलं, सिगारेट पाहिली, आपले चार रुमाल पाहिले. तिला समजायला नासारेनोच्या एक दशांश वेळ लागला. "समितीने वीस मिनिटं देऊ म्हटलं होतं, तुटलं तर. जवळचा पंप किती लांब?"

"लोस अल्तारेस. पंचवीस," एलिहियो म्हणाला.

"मी नेतो!" नासारेनो ओरडला, आणि खाली धावला, आणि बंपरला बांधलेली दोरी त्याच्या पायात आली.

"बसा बाई," एलिहियो एदितला म्हणाला. दोघं ट्रकमध्ये चढले. निघताना त्याने सवयीने भोंगा वाजवला, मग काच खाली करून थुंकला.

म्हातारीने विझलेली सिगारेट उचलून पाकिटात परत ठेवली. नासारेनो घर उचलायला लागला, तेव्हा तिने त्याचा हात धरला.

"ते राहू द्या आता. वाइन दिलीये त्यावर. दिलेलं उचलून नेत नाहीत, एवढं तरी ठाऊक असेल ना राखणदाराला?"

"आणि कापडं?"

"कापडंही."

"मी म्हणतच होतो, असला कुठं पाहिला नाही," नवरा म्हणाला.

नासारेनो पंपावर पोचला तेव्हा मुलाखत संपली होती. एदितने ती पंपावरच्या वायफायवर, चिप्सच्या कपाटाला पाठ लावून, उभ्याने पूर्ण केली होती. ती गाडीत येऊन बसली. फाइल मांडीवर घेतली आणि काच वर केली. कोपऱ्यातल्या टेबलाशी एलिहियो फोन समोर धरून बसला होता. पडद्यावर हिरव्या झग्यातली एक मुलगी हसत होती आणि आपण मुळीच घाबरलो नाही, असं काहीतरी खोटं त्याला पटवून देत होती. नासारेनो माफी मागायला दोन पावलं पुढे गेला. एलिहियोने मान न वळवता ओठांवर बोट ठेवलं.

एस्केलला आगीपाशी एवारिस्तो होता. "काय भावोजी, मिळालं का इंटरनेट?"

"मिळालं."

"किती?"

"एकशे बारा," नासारेनो म्हणाला आणि सरपणाच्या ओंडक्यावर जाऊन बसला. कोकरू या वेळी दोन्ही बाजूंनी उत्तम भाजलं गेलं होतं. सासूबाईंनी पुडकं उघडलं, रुमाल मांडीवर मांडले, परत मांडले.

"चारच?"

"चार वाटेत लागले, आई," एदित म्हणाली. त्याचं नाव घेतलं नाही. तिने ते घ्यायला हवं होतं, असं त्याला वाटलं. मग त्याला टेबलाखाली तरी जाता आलं असतं.

रविवारी परतताना टेकाडाजवळ गाडीचा वेग आपोआप कमी झाला. घरात आता गाउचितोची मातीची मूर्ती होती. पुढे वाइनच्या बाटल्या, एका मुलाचा बूट, कोणाच्या तरी ट्रकची नंबरपाटी. आईच्या नावाची अक्षरं वाऱ्यावर फडफडत होती.

"भोंगा दे," एदित म्हणाली. दोन दिवसांत तिने त्याला उद्देशून बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. त्याने दिला.

मंगळवारी संध्याकाळी निकाल लागला. शेजारचे एमलिन मोरोच्या घराची चौकशी करायला आले होते, म्हणून एदितने तो स्वयंपाकघरात, त्यांच्यासमोरच, फोनवरून वाचून दाखवला. निवड झालेल्या बाईंना शंभरपैकी एकोणनव्वद गुण. एदित दुसरी.

"किती, पोरी?" एमलिनांनी विचारलं.

"शालेय व्यवस्थापन, चाळीसपैकी एकोणचाळीस. अध्यापन, तीसपैकी एकोणतीस. संवाद, वीसपैकी अठरा." ती थांबली, चष्मा वर सरकवला आणि शेवटची ओळ वाचली. "मुलाखतीसाठी निवडलेली जागा, दहापैकी शून्य."